आधी सगळं लिहायचं, की करत करत ठरवायचं?

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं एकाच पेचाची निघाली. सॉफ्टवेअर बनवताना गिऱ्हाइकाला काय हवंय ते आधी पूर्ण लिहून, सह्या घेऊन कामाला लागायचं, की थोडं बनवायचं, दाखवायचं, पुन्हा बदलायचं? पहिल्या पद्धतीला वॉटरफॉल म्हणतात, दुसरीला अजाईल. हेच काम मी जवळजवळ तीस वर्षं केलं. लोकांच्या गरजा ऐकायच्या आणि प्रोग्रॅमरला कळतील अशा लिहायच्या. त्यामुळे या वेळी बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलून ही तीनच पत्रं घेते.

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही चौघं मिळून सांगली जिल्ह्यात छोटी सॉफ्टवेअर कंपनी चालवतो. एका सहकारी साखर कारखान्याचं काम मिळेल असं दिसतंय. ऊस नोंद, तोडणी कार्यक्रम, वजनकाटा आणि ऊस बिल, असं सगळं आहे. निविदेत अट आहे की सर्व रिक्वायरमेंट, म्हणजे गरजा, आधी लिहून मंजूर करून घ्यायच्या, मगच काम सुरू. आम्हाला सवय दोन-दोन आठवड्यांच्या स्प्रिंटची, म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करून दाखवायची. भागीदार म्हणतो, कागदात अडकलो तर हंगाम हुकेल. कार्यकारी संचालक म्हणतात, कागद नसेल तर संचालक मंडळ पैसे मंजूर करणार नाही. कुणाचं ऐकावं?

उत्तर : दोघांचंही ऐका, पण कामाच्या वेगवेगळ्या भागांसाठी. असं का म्हणते, ते माझ्याच एका चुकीवरून सांगते.

१९९७ साली मी पुण्याच्या एका कंपनीत होते. एका कारखान्याच्या काट्याचं आणि बिलाचं काम आमच्याकडे आलं. मी चार वेळा कारखान्यावर गेले, शेती अधिकाऱ्यांशी बोलले, मुख्य लेखापालांशी बोलले, आणि १४२ पानांचा दस्तऐवज तयार केला. प्रत्येक पानावर सही-शिक्का. मला त्याचा फार अभिमान होता. त्यात एक वाक्य होतं : ‘प्रत्येक वाहनास एक वजन पावती व प्रत्येक पावतीस एक खातेदार.’

गाळप सुरू झालं आणि पंधरवड्याचं बिल निघालं, तसा एक शेतकरी शेती खात्यात येऊन उभा राहिला. खिशात चिटबॉयने (ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाने) दिलेली तोडचिठ्ठी घामाने मऊ झालेली. ऊस तुटला, गाडीत भरला, कारखान्यात आला, आणि बिलात टन शून्य. शोधता शोधता आम्ही काट्याच्या खोलीत पोचलो. काटा क्लार्कने ड्रॉवरमधून एक दोनशे पानी वही काढली. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या. पुढची थोरल्या भावाची, मागची धाकट्याची. सातबारा वेगळा, खाती वेगळी, पण तोड एकाच दिवशी आणि ट्रॅक्टर एकच. माझं सॉफ्टवेअर त्या वाहनाला दुसरा खातेदार घेऊच देत नव्हतं. मागे गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेलेली. क्लार्क तरी काय करणार? त्याने सगळं वजन थोरल्याच्या नावावर टाकलं आणि वहीत लिहिलं, ‘मागची ट्रॉली धाकट्याची’, पुढे वजन. अशा नोंदींनी सोळा पानं भरली होती.

मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंत? तो म्हणाला, “मॅडम, तुम्ही आलात तेव्हा माझी रात्रपाळी होती. तुम्ही साहेबांना विचारलंत.”

तीन रात्री मी त्या खोलीत बसून वहीतल्या नोंदी त्याच्याकडून समजून घेतल्या आणि पावत्या दुरुस्त केल्या. धाकट्या भावाला पैसे उशिरा मिळाले. त्याच्या घरी त्या पंधरवड्यात काय अडलं असेल, हे मला आजही टोचतं. १४२ पानं कमी पडली, कारण ज्या माणसाच्या हातून रोज पावती निघते त्याचा एक शब्दही त्यांत नव्हता. त्याला एका संध्याकाळी अर्धवट बनलेला स्क्रीन दाखवला असता, तर “आणि दोन ट्रॉल्या आल्या तर?” हे त्याने पहिल्या पाच मिनिटांत विचारलं असतं. तुमच्या भागीदाराचं म्हणणं इथे खरं आहे.

आता संचालकांची बाजू. पुढे २०१४ च्या सुमारास मी दुसऱ्या एका कारखान्याच्या कामात सल्ल्यापुरती होते. तिथली मुलं हुशार, दर दोन आठवड्यांनी नवं काही दाखवायची, शेती खात्यातले लोक खूश. पण ऊस बिलाचा हिशेबही तसाच, बोलता बोलता ठरत गेला. एकाने पैशांची गोळाबेरीज प्रत्येक पावतीवर पूर्ण रुपयात केली, दुसऱ्याने पंधरवड्याच्या बेरजेवर. हंगाम संपल्यावर खातेउतारा, बिल आणि बँकेला गेलेली यादी यांचा मेळ बसेना. फरक प्रत्येक खात्यात दोन-चार रुपयांचा, पण खाती हजारोंनी. लेखापरीक्षकांनी एकच विचारलं : हा नियम कुणी ठरवला आणि कुठे लिहिलाय? कुणाकडेच उत्तर नव्हतं. ज्याने ठरवला तो मुलगा नोकरी सोडून गेला होता.

तेव्हापासून मी प्रत्येक गरजेला दोन प्रश्न विचारते. हे चुकलं तर कळायला किती वेळ लागेल? आणि कळल्यावर मागे फिरता येईल का? तुमच्या कामात याचं उत्तर गव्हाणीपाशी, म्हणजे ऊस गाळपाला टाकतात तिथे, मिळतं. ऊस एकदा गव्हाणीत पडला की पुन्हा मोजता येत नाही. म्हणून वजन, पावती आणि बिलाचा हिशेब आधी लिहा, नीट लिहा, सह्या घ्या. तोडणी कार्यक्रमाचे स्क्रीन, गट ऑफिसचे अहवाल, मोबाइलवरची ऊस नोंद हे चुकलं तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी फोन करून सांगेल आणि आठवड्यात दुरुस्त होईल. ते दाखवत दाखवत करा.

लिहा म्हणजे पानं भरा, असं मात्र नाही. ‘प्रणाली एफआरपीप्रमाणे बिल अचूक काढेल’ (एफआरपी म्हणजे उसासाठी केंद्राने ठरवलेला किमान दर) या वाक्यावर कुणीही सही करेल आणि त्यातून कुणालाच काही कळणार नाही. उदाहरण लिहा, आकड्यांसकट. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) क्विंटलमागे ३५५ रुपये ठरवली, आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढ. उतारा ११.२५ धरला तर दर ३८९ रुपये ६० पैसे, म्हणजे टनाला ३,८९६. पावती १४.३८५ टनांची असेल तर रक्कम ५६,०४३ रुपये ९६ पैसे. हे लेखापालांसमोर ठेवा आणि गप्प बसा. प्रश्न तेच विचारू लागतील. ते ९६ पैसे कुठे पूर्ण करायचे? उतारा ११.२७ असेल तर मधल्या ०.०२ चं काय? तोडणी-वाहतुकीचा खर्च कुठल्या टप्प्यावर वजा करायचा? रात्री एक वाजता झालेल्या वजनाची तारीख कोणती धरायची, कारखान्याचा दिवस मध्यरात्री बदलतो की सकाळच्या पाळीला? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज. तारीख एका दिवसाने सरकली तर शेतकऱ्याचं व्याज सरकतं.

अशी पंचवीस-तीस उदाहरणं जमली की त्यांवरच सह्या घ्या. पुढे तीच तुमची चाचणी. कोड बदलला की तीसच्या तीस उदाहरणं चालवून बघायची. लिहिलेली गरज आणि दर आठवड्याची चाचणी, दोन्ही एकाच कागदातून निघतात. तुमचा भागीदार यात अडकणार नाही, उलट त्याचं काम सोपं होईल.

नियमही बदलतात, हे आत्ताच ध्यानात ठेवा. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य शासनाने एफआरपी दोन हप्त्यांत द्यायचा निर्णय काढला, त्यात उतारा चालू हंगामाचा धरायचा होता. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. तीन वर्षांत दोनदा हिशेबाची पद्धत पालटली. म्हणून दर, उताऱ्याचं वर्ष, हप्ते हे सगळं ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ असं वेगळ्या तक्त्यात ठेवा. उद्या नवा आदेश आला तर तक्त्यात एक ओळ वाढेल, जुनी बिलं जशीच्या तशी राहतील.

करार दोन भागांत मांडा. काटा आणि बिल यांची रक्कम ठरलेली, कागद पूर्ण, सही झाल्यावर बदल हवा तर लेखी. बाकीच्या कामाला महिन्याचा दर आणि महिन्याअखेर दाखवलेल्या कामावर बिल. संचालक मंडळाला दुसरा भाग पचायला जड जाईल. त्यांना इतकंच सांगा की हे काम कुठल्याही महिन्यात थांबवायची मोकळीक त्यांच्याकडे आहे. सहकारातली माणसं हिशेबाला पक्की असतात, मोकळीक कशाला म्हणतात ते त्यांना कळतं.

आणि वेळापत्रक उलटीकडून आखा. बॉयलर अग्निप्रदीपनाची, म्हणजे हंगामासाठी बॉयलर पेटवण्याची, तारीख ठरली की ती तुमच्यासाठी हलणार नाही. हंगामात काटा क्लार्कला तुमच्याशी बोलायला उसंत नसते. तो मे ते सप्टेंबरमध्ये मोकळा असतो, पण तेव्हा काट्यावर गाड्या नसतात. यावर मी एक उपाय करते. मागच्या हंगामातली ऐन गर्दीची एक रात्र निवडायची आणि त्या रात्रीच्या सगळ्या पावत्या मागून घ्यायच्या. बैलगाडी, ट्रक, दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, काटा बिघडला तेव्हाची हाताने लिहिलेली पावती, सगळ्या. मग त्या क्लार्कला शेजारी बसवून एक-एक पावती नव्या स्क्रीनवर त्याच्याच हाताने भरायला लावायची. मध्ये बोलायचं नाही. तो जिथे थांबेल, जिथे कोऱ्या कागदाकडे हात नेईल, तिथे तुमची गरज राहून गेलीये.

प्रश्न : मॅडम, मी साताऱ्यात एमसीए करते. आमच्या नोट्समध्ये आहे की वॉटरफॉल मॉडेल रॉइस यांनी १९७० मध्ये मांडलं आणि ते जुनं झालं म्हणून २००१ मध्ये अजाईल आलं, ज्यात डॉक्युमेंटेशन लागत नाही. तोंडी परीक्षेत हेच सांगायचं ना?

उत्तर : परीक्षेत काय सांगायचं ते तू ठरव, पण त्या नोट्समधली दोन वाक्यं चुकीची आहेत.

विन्स्टन रॉइस यांचा निबंध १९७० चाच. गरजा, विश्लेषण, रचना, कोड, चाचणी अशा पायऱ्या एकाखाली एक उतरत जाणारी आकृती त्यात आहे. पण त्या आकृतीनंतर लगेच त्यांनी लिहिलंय की अशा रीतीने काम करणं जोखमीचं आहे आणि अपयशाला बोलावणं आहे. बाकीचा निबंध ती जोखीम कशी कमी करावी यावर आहे. त्यात ते म्हणतात, पहिल्यांदाच करत असाल तर आधी एकदा छोट्या प्रमाणात करून बघा आणि गिऱ्हाइकाच्या हाती पडेल ती दुसरी आवृत्ती असू द्या, गिऱ्हाइकाला मध्ये मध्ये सामील करून घ्या. ‘वॉटरफॉल’ हा शब्द त्या निबंधात नाहीच. लोकांनी चित्र उचललं आणि खालचा मजकूर सोडला. मूळ निबंध जेमतेम दहा-अकरा पानांचा आहे, एका दुपारी वाचून होईल. नक्की वाच.

तसंच २००१ चं. फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि त्यांनी जाहीरनामा लिहिला. चालणारं सॉफ्टवेअर त्यांनी डावीकडे मांडलं, सविस्तर दस्तऐवज उजवीकडे, आणि डावीकडच्याला वर ठेवलं. पण त्याच जाहीरनाम्याच्या शेवटी ते स्पष्ट लिहितात की उजवीकडच्या गोष्टींनाही मोल आहे, आम्ही डावीकडच्यांना अधिक मानतो, इतकंच. ‘डॉक्युमेंटेशन लागत नाही’ असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही.

दोन उदाहरणं ध्यानात ठेव. अमेरिकेच्या एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेने तपासाची कागदपत्रं संगणकावर आणण्यासाठी व्हर्च्युअल केस फाइल नावाचं काम काढलं. गरजांचा दस्तऐवज आठशेहून अधिक पानांचा, आणि त्यानंतरही गरजा बदलतच राहिल्या. २००५ मध्ये सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून ते सोडून द्यावं लागलं. त्यानंतरचं सेंटिनेल हे कामही रखडलं. २०१० मध्ये एफबीआयने ते स्वतःकडे घेतलं, छोट्या तुकडीने थोडं थोडं करत २०१२ च्या जुलैमध्ये वापरात आणलं. इथपर्यंत वाचून वाटेल की कागद हाच खलनायक.

आता दुसरं. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळाजवळ नष्ट झालं. यानाच्या छोट्या इंजिनांच्या धक्क्याचे आकडे न्यूटन-सेकंदात द्यायचे, असं कागदावर ठरलेलं होतं. जमिनीवरच्या एका प्रोग्रॅमने ते पाउंड-सेकंदात दिले, म्हणजे जवळजवळ साडेचार पटींचा फरक. गरज लिहिलेली होती आणि बरोबर होती. ती पाळली गेली का, हे कुणी तपासलं नाही. मी हे उदाहरण नव्या मुलांना नेहमी सांगते, कारण सह्या झाल्या की गरज पूर्ण झाली असं वाटू लागतं आणि तिथेच घात होतो.

प्रश्न : ताई, मी पुण्यात वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत टेस्टिंग करते. आमचं उत्पादन सिरिंज पंप, म्हणजे रुग्णाला ठरलेल्या वेगाने औषध देणारं यंत्र. नवे मॅनेजर आल्यापासून ‘आपण आता अजाईल आहोत’ म्हणून रिक्वायरमेंटचा दस्तऐवज बंद केला. यूजर स्टोरीचं, म्हणजे वापरणाऱ्याला काय हवं ते एका वाक्यात सांगणारं, कार्ड असतं, काम झालं की ते कार्ड बंद. मला याची भीती वाटते, पण मी सगळ्यात कनिष्ठ आहे. बोलावं का?

उत्तर : बोलाच. तुमची भीती रास्त आहे, आणि तुमचा आधार कुणा एकाचं मत नाही. उपकरणांतल्या सॉफ्टवेअरसाठी आयईसी ६२३०४ हे आंतरराष्ट्रीय मानक २००६ पासून आहे. चुकीमुळे इजा किती होऊ शकते त्यावरून ते सॉफ्टवेअरचे ए, बी, सी असे वर्ग पाडतं. मृत्यू किंवा गंभीर इजा संभवते ते सी वर्गात. रुग्णाच्या शिरेत औषध सोडणारा पंप कुठे बसेल, हे तुम्हाला मी सांगायला नको. गरज लिहिलेली हवी, तिची चाचणी हवी, आणि कुठली गरज कुठल्या धोक्यावरचा उपाय आहे हे दाखवता यायला हवं, असं हे मानक मागतं.

मॅनेजरांशी बोलताना मात्र ‘अजाईल चालणार नाही’ असं म्हणू नका. ते खरं नाही आणि तिथेच वाद अडेल. हे मानक अमुकच क्रमाने काम करा असं सांगत नाही. दोन आठवड्यांच्या तुकड्यांत करा, काही हरकत नाही. फक्त कार्ड बंद करायची अट बदलायला सांगा : गरज आकड्यात लिहिली, धोक्याशी जोडली, चाचणी झाली आणि निकाल जपून ठेवला, तरच कार्ड बंद.

मोघम बोलण्यापेक्षा एक कार्ड हातात घेऊन जा. उदाहरणार्थ, ‘नर्स म्हणून मला औषधाचा वेग सहज भरता यावा.’ यात ‘सहज’ म्हणजे काय? पंपांमध्ये एक जुना दोष माहीत असलेला आहे. कळ एकदा दाबली आणि यंत्राने ती दोनदा धरली, की ५ चे ५५ होतात. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या एफडीएने २०१० मध्ये पंपांच्या सुरक्षेची मोहीम काढली, तेव्हा नोंदवलेल्या दोषांत हा होता. मग त्या कार्डाखाली लिहायला हवं की एका दाबाला एकच आकडा, दोन दाबांत किती मिलिसेकंदांचं अंतर असलं तर दुसरा दाब वेगळा धरायचा, औषधाच्या मर्यादेबाहेरचा वेग भरला तर पंप काय करेल, आणि दशांश चिन्ह पडद्यावर किती मोठं दिसेल. हे वाचून कुणीही समंजस माणूस ‘लिहायची गरज नाही’ म्हणणार नाही. त्यांना कार्ड बंद करायची घाई असेल, पण रुग्णाला इजा व्हावी असं त्यांनाही वाटत नसणार.

आणि ज्या गोष्टी कागदावर बसून कधीच कळत नाहीत, त्यांच्यासाठी रुग्णालयात एक रात्रपाळी बघायची परवानगी मागा. अतिदक्षता विभागातला दिवा मंद केलेला असतो. सिस्टरच्या हातात मोजे असतात, कधी ओले. एका खाटेशी चार-चार पंप आणि त्यांतला एक वाजतोय, पण कुठला ते आवाजावरून कळत नाही. तिथून परत आलात की तुमच्या टेबलावरचा पंप मोजे घालून, दिवा घालवून चालवून बघा. जे अडेल ते त्याच दिवशी कार्डावर उतरवा, आकड्यासकट, आणि खाली तारीख व तुमची सही करा.